वळणाचं वजन

बीडहून सोलापूरकडे निघालेली एसटी मांजरसुंब्याच्या घाटाला लागली की उभ्या प्रवाशांचे हात वरच्या दांडीकडे जातात. गाडी डावीकडे वळते, अंग उजवीकडे कलंडतं. मांडीवरची पिशवी घसरते, खिडकीजवळचा माणूस काचेला टेकतो. कुणीतरी बाहेर ढकललं असं वाटतं, पण ढकललेलं कुणीच नसतं. अंग आपलं सरळ निघालेलं असतं, गाडी तेवढी वळलेली असते. अंगालाही वळवायचं तर त्याला आतल्या बाजूला रेटावं लागतं, आणि ते काम काच करते, दांडी करते, शेजारच्याचा खांदा करतो.

रस्ता बांधणारे यातलं थोडं काम रस्त्याकडूनच करून घेतात. वळणावर बाहेरची कड मुद्दाम उंच ठेवलेली असते. सपाट मुलखात एक मीटर रुंदीला जास्तीत जास्त 7 सेंटिमीटर आणि डोंगराळ भागात 10 पर्यंत, असं आपल्याकडच्या रस्त्यांचं मानक आहे. एवढ्याशा उतारानं काय साधतं? रस्ता गाडीला खालून उचलून धरतो. कड उंच केली की ते उचलणारं बळ जरासं आतल्या अंगाला झुकतं, आणि जे बळ इतका वेळ फक्त तोलून धरत होतं तेच आता वळवूही लागतं. नवीन बळ कुठून आणावं लागत नाही. आहे तेच तिरपं करायचं. मला ही गोष्ट जेव्हा पहिल्यांदा नीट उमगली तेव्हा घार, सायकल, विमान आणि पाण्यावरचा एक अगदी नवा खेळ, अशा सगळ्यांची वळणं एकाच घरची दिसू लागली.

घाट चढून बालाघाटाच्या पठारावर आलं की पवनचक्क्या दिसतात. त्यांची पाती लांबून आळसावल्यासारखी फिरतात, पण मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं. पातं जवळून पाहिलं तर ते फळीसारखं सपाट नसतं. एक कड गोलसर जाड, दुसरी पातळ, आणि बुंध्यापासून टोकापर्यंत किंचित पिळलेलं. हाच छेद घारीच्या पंखाचा, हाच विमानाच्या पंखाचा. आणि हाच पंख पाण्यात बुडवला की त्याला म्हणतात हायड्रोफॉइल.

विंग फॉइलिंग या खेळात माणूस एका आखूड फळीवर उभा असतो. फळीच्या पोटातून साधारण पाऊण मीटरचा खांब पाण्यात गेलेला असतो. खांबाच्या टोकाला छोट्या विमानासारखी रचना असते, पुढे मोठा पंख आणि मागे लहान. शिवाय हातात एक वेगळा पंख असतो, हवा भरून फुगवलेला, चार-पाच चौरस मीटरचा. तो फळीला कुठेही जोडलेला नसतो, नुसता दोन हातांनी पेललेला. वारा हातातल्या पंखाला ओढतो, फळी वेग घेते, आणि थोड्याच वेळात पाण्याखालचा पंख फळीला माणसासकट वर उचलतो. लाटांची थपथप थांबते. फळी पाण्यापासून वीतभर, हातभर उंच, आणि खाली पाण्याला चिरत जाणारा एक खांब. 2019 च्या सुमारास या खेळाचं साहित्य बाजारात सहज मिळू लागलं आणि मग तो झपाट्यानं जगभर पसरला.

पाण्याखालच्या पंखाची कल्पना मात्र जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी बोट ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगानं पळवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-4 नावाच्या बोटीनं 1919 मध्ये ताशी 114 किलोमीटरचा टप्पा गाठला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या शिडांच्या शर्यती मार्सेच्या समुद्रावर झाल्या, तेव्हा तिथले विंडसर्फरही पाण्याखालच्या पंखांवर उडत होते.

हा पंख असतो केवढा? नव्यानं शिकणाऱ्याचा पुढचा पंख सुमारे 1500 चौरस सेंटिमीटरचा असतो. वर्तमानपत्राच्या एका पानाहूनही कमी. एवढ्याशा तुकड्यावर, ताशी 18 किलोमीटर वेगाला, धडधाकट माणूस फळीसकट तरंगतो. याचं कारण पाण्याच्या जडपणात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पटींनी घन. त्याच वेगाला तेवढंच वजन हवेत उचलायचं झालं, तर पंख लागेल सव्वाशे चौरस मीटरचा. म्हणजे जवळजवळ सव्वा गुंठा. सव्वा गुंठा रान डोळ्यांसमोर आणावं आणि शेजारी वर्तमानपत्राचं पान ठेवावं. मी कितीदा हा हिशेब केला तरी माझा विश्वास पुन्हा नव्यानंच बसतो.

सरळ जाणं शिकणाऱ्याला त्यामानानं लवकर जमतं. अडतं ते वळणापाशी. या फळीला सुकाणू नाही. साध्या होडीचं सुकाणू फिरवलं की होडी सपाट राहून वळते, पाणी तिला कडेनं धरतं. इथे फळी हवेत आहे, आणि पाण्यात एक खांब आणि एक पंख. वळायचं म्हणजे पायाच्या बोटांवर किंवा टाचांवर भार देऊन सगळी रचना कलती करायची. पंख कलला की त्याचं उचलणारं बळ कललं. त्याचा एक हिस्सा आतल्या बाजूला ओढू लागतो आणि फळी वळते. मांजरसुंब्याच्या घाटात जी कड रस्ता बांधणाऱ्यांनी उंच करून ठेवली आहे, ती इथे आपल्या घोट्यानं क्षणाक्षणाला बांधायची.

विमानाच्या बाबतीत ही गोष्ट ओळखणारे राइट बंधू सायकली बनवून विकत, हे मला योगायोगाचं वाटत नाही. त्यांच्या काळातल्या अनेकांना वाटे की विमान होडीसारखं सपाट राहून सुकाणूनं वळेल. सायकलवाल्याला ठाऊक असतं की कलल्यावाचून वळता येत नाही. त्यात ते पक्षी न्याहाळणारे. पक्षी पंखांची टोकं पिळून तोल सावरतो हे पाहून त्यांनी विमानाचे पंख पिळण्याची सोय केली. पण पंख पिळताच नवीन अडचण उभी राहिली. जो पंख जास्त उचलतो तो हवेत जास्त अडकतोही, त्यामुळे यंत्र कलायचं एकीकडे आणि नाक वळायचं दुसरीकडे. म्हणून 1902 च्या ग्लायडरला त्यांनी उभी शेपटी लावली आणि मग ती हलती केली. घार हेच काम आपल्या दुबेळक्या शेपटीनं करते. बीडच्या बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारीची शेपटी दोन मिनिटं पाहावी. पंख जवळपास स्थिर असतात आणि शेपटी सारखी इकडून तिकडे पिळत असते. फॉइलमध्ये नाक रेषेत ठेवण्याचं काम खांब आणि मागचा लहान पंख मिळून करतात.

17 डिसेंबर 1903 ला राइट बंधू पहिल्यांदा उडाले ते सरळ रेषेत. पूर्ण वर्तुळ घेऊन परत निघाल्या जागी यायला 20 सप्टेंबर 1904 उजाडला. त्या उड्डाणाला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागला. नऊ महिने नुसत्या वळणाचे! आणि त्यानंतरही आवळ वळणात यंत्र अचानक हातातून सुटायचं. 28 सप्टेंबर 1905 ला दोघा भावांपैकी ऑरव्हिल असाच वळण घेत होता आणि समोर एक उंच काटेरी झाड आलं. विमान खालच्या पंखाकडे कलंडलं ते सरळच होईना. त्यानं नाक खाली दाबलं, वेग वाढला आणि यंत्र पुन्हा ताब्यात आलं. झाडाचे काटे पंखाला लागले, पण तो सुखरूप उतरला आणि इतके दिवस छळणारं कोडं सुटलं.

कोडं असं होतं. उचलणारं बळ कललं की त्याचा एक हिस्सा वळवण्यात खर्च होतो, मग वजन पेलायला उरतं कमी. म्हणजे वळणात एकूण बळ आधीपेक्षा जास्त लागतं. 30 अंश कललं तर 15 टक्के जास्त, 45 अंशांना 41 टक्के, आणि 60 अंशांना थेट दुप्पट. 80 किलोचा माणूस 30 अंशांच्या वळणात 92 किलोंचा होतो आणि पाण्याखालच्या त्या वर्तमानपत्राच्या पानाला ते 92 किलो पेलायचे असतात. वेग पुरेसा नसेल तर पान ते पेलू शकत नाही. शिकणारा नेमका वळणाच्या भीतीनं आधी वेग सोडतो, मग कलतो, फळी खाली बसू लागते, घाबरून मागच्या पायावर जोर देतो, पंखाचं नाक फार वर जातं, आणि पाणी त्या पंखाला चिकटून वाहायचं सोडून देतं. ऑरव्हिलच्या पंखाचं काटेरी झाडापाशी जे झालं तेच. म्हणून वेग आधीच कमवून ठेवायचा आणि वळण संपेपर्यंत जपून वापरायचा.

वेग जास्त झाला तरी वेगळा हिशेब येतो. ताशी 18 किलोमीटर वेगानं 30 अंश कललं तर वळणाची त्रिज्या साडेचार मीटरच्या आत राहते. वेग दुप्पट केला आणि तितकंच कललं, तर तीच त्रिज्या चौपट होते, साडेसतरा मीटरच्या पुढे. गुळगुळीत वळण म्हणतात ते याच दोन धाग्यांनी विणलेलं असतं. जितका वेग तितका कल, आणि दोन्ही हळूहळू बदलणारे. एकदम कललं की त्रिज्या एकदम आखडते, अंग सरळ निघून जातं आणि फळी वळून जाते. एसटीतल्या पिशवीसारखं.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पंखाची रुंदी टोकापासून टोकापर्यंत 90 सेंटिमीटर धरली, तर 30 अंश कलल्यावर त्याचं बाहेरचं टोक मधल्या भागापेक्षा साडेबावीस सेंटिमीटर वर येतं. आधीच फळी फार उंच धरली असेल तर हे टोक पाण्याबाहेर डोकावतं. तिथून हवा पंखाच्या पाठीवर शिरली की पकड क्षणात जाऊ शकते. म्हणून वळणाआधी फळी मधल्या उंचीवर आणतात. उडता येऊ लागलेल्याला खाली यावंसं वाटत नाही, पण वळण खालच्याच उंचीवर नीट लागतं.

हिवाळ्यात मराठवाड्याच्या माळरानांवर मध्य आशियातून भोवत्या येतात. ससाण्यासारखा दिसणारा हा शिकारी पक्षी, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि पंखांचा पसारा मीटरभर. म्हणजे मोठा पंख आणि नगण्य भार. तो गवतावरून कमरेएवढ्या उंचीनं, अगदी संथ जातो आणि उंदराची चाहूल लागली की जागच्या जागी वळतो. इतक्या कमी वेगाला इतकं आवळ वळण घेणं त्याला परवडतं, कारण वळणाचं जादा वजन पेलायला त्याच्या पंखाकडे भरपूर शिल्लक असते. शिकणाऱ्याला मोठा पंख देतात त्यामागे हेच आहे. आणि भोवत्या वळताना त्याचं डोकं पाहिलं तर ते कललेलं नसतं. अंग तिरपं, डोकं आडव्या पातळीत, नजर जिथे जायचं तिथे. फॉइल शिकवणारेही पायाकडे पाहू नकोस, वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे पाहा म्हणतात. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर, आणि घोट्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

एवढं सगळं पायाखाली चाललेलं असताना वर हातात दुसरा पंख आहे, आणि त्याची गोष्ट सगळ्यात नवलाची. वारा ताशी 20 किलोमीटरचा आहे असं धरू. फळी वाऱ्याला आडवी चालली आहे, पंख भरलेला आहे, दंडाला ओढ जाणवते आहे. आता वाऱ्याच्या दिशेनं वळायला सुरुवात केली. जसजशी फळी वाऱ्याची पाठ धरते, तसतशी हातातली ओढ कमी होत जाते. ऐन मध्यावर, फळी वाऱ्याबरोबर ताशी 20 किलोमीटरनंच जात असेल, तर पंखाला वारा लागतच नाही. वारा पडलेला नसतो, पाणी तसंच खवळलेलं असतं, पण त्या माणसापुरती हवा थांबते. शेतातून पाठवाऱ्यानं धावलेल्या पोराला हे थोडंसं ठाऊक असतं, कानातला घोंगावता आवाज एकाएकी जातो.

त्या निवांत क्षणी हातातला पंख कागदासारखा हलका होतो. ओढणारं कुणी नसतं. फळी तरीही उडत राहते, कारण पाण्याखालचा पंख पाण्याला फार थोडा अडतो आणि आधी कमावलेला वेग अजून शिल्लक असतो. हात बदलायचे ते याच वेळी. पंख डोक्यावर न्यायचा, एक हात सोडायचा, पुढची मूठ दुसऱ्या हातानं धरायची, जुना हात मागे न्यायचा. घाईनं केलं तर पंख अजून भरलेला असतो आणि हिसका देतो. उशीर केला तर नव्या बाजूनं वारा भरतो आणि पंख उलट्या अंगानं ओढू लागतो. मधला वेळ दोन श्वासांचा. पाय तोवर कललेलेच, नजर बाहेर पडायच्या जागेवर. मग गालावर पुन्हा वारा लागतो, आता दुसऱ्या गालावर, पंखाचं कापड फट्‌ करून ताठ होतं आणि दंडाला ओढ येते. घोटे हळूच सरळ होतात आणि 92 किलोंचा माणूस पुन्हा 80 किलोंचा होतो.