मधमाशीचे बलिदान

पोळ्यास धक्का लागला की कामकरी माशी शत्रूवर तुटून पडते. तिच्या नांगीला उलटे काटे असतात. ती माणसाच्या कातडीत रुतली म्हणजे पुन्हा निघत नाही व माशी प्राणास मुकते. जगण्यास जो जीव अधिक लायक, तो टिकतो व त्याचे गुण संततीत उतरतात, असा नैसर्गिक निवडीचा नियम आहे. मग जी स्वतः मरते आणि जिला सहसा संततीही नसते, अशा माशीचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा?

हा प्रश्न चार्ल्स डार्विन यालाही पडला होता. निवड जशी एकेका जीवाची होते, तशी कुटुंबाचीही होते, असे उत्तर त्याने १८५९ साली दिले. पुढे १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गणिताच्या साहाय्याने याचा अधिक उलगडा केला. गुण वाहून नेणारी जनुके आप्तांमध्येही असतात. राणीमाशी ही कामकरी माश्यांची आई. पोळे वाचले म्हणजे राणीच्या पुढील संततीतून तीच जनुके पुढे जातात.

निवड मुख्यतः जीवाची, समूहाची की जनुकांची, याविषयी शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. परंतु निसर्गाचा हिशेब एका जीवापाशी संपत नाही, हे ती इवलीशी माशी आपणांस दाखवून देते.