चामड्याच्या शिलाईचा दोरा
चामड्याला सुती दोरा घालू नये. कमावलेल्या चामड्यातलं टॅनिन आणि ओल यांनी तो कुजतो. चामडं शाबूत राहतं आणि शिवण उसवते. पिशवी-पाकिटाला नायलॉन उत्तम, ताण सोसतो. सतत उन्हात राहणाऱ्या गाडीच्या सीटला मात्र पॉलिएस्टरच घ्यावा, कारण उन्हाने नायलॉन लवकर विरतो.

मशीन भरधाव चाललं, की चामड्यातून घासत जाणारी सुई इतकी तापते की कृत्रिम दोरा नेढ्यापाशी वितळून तटकन तुटतो. त्यासाठी सुईच्या आधी, दोऱ्याच्या वाटेवर सिलिकॉन तेलात भिजवलेला फेल्टचा तुकडा बसवावा. चिमटीत धरल्यावर दोरा नुसता गुळगुळीत लागावा, बोटं ओली होता कामा नयेत. मशीनचं साधं तेल इथे मुळीच नको. चामड्यावर पडलेला त्याचा डाग सहसा निघत नाही.