मनातल्या चित्रांनी योगासनं



आमच्या मोअदोनमध्ये मी ज्येष्ठांना खुर्चीवरची योगासनं शिकवते. "खांदे खाली घ्या, मणका ताणा" असं सांगितलं की माणसं उलट आखडतात, श्वासही रोखून धरतात. म्हणून मी सूचना कमी करून मनासमोर चित्र उभं करते.

ताडासनासाठी म्हणते, "अलिबागच्या किनाऱ्यावरचा माड आठवा. बुंधा जमिनीत घट्ट, झावळ्या वाऱ्यावर मोकळ्या." पाय आपोआप रोवले जातात, खांदे सैल पडतात. श्वासासाठी नळाखालचा हंडा. तो बुडापासून भरतो, तसं आधी पोट, मग बरगड्या, मग छाती. चक्की चालनासनात जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरल्यासारखं करून कंबरेतून गोल फिरायचं. ज्यांनी लहानपणी आईबरोबर दळलंय, त्यांना हे शिकवावंच लागत नाही. पण मोरोक्कोहून आलेल्या आमच्या काही बायकांनी जात्यावर कधी दळलेलं नाही. त्यांना मी मोठ्या परातीत कुसकुस वळायला सांगते. चित्र शिकणाऱ्याच्या आयुष्यातलं हवं.

हे का जमतं? एकेका अवयवावर लक्ष ठेवलं की हालचाल तुटक होते. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तोल साधताना स्वतःच्या पायांपेक्षा पायाखालच्या साधनाकडे लक्ष देणारे अधिक चांगलं शिकले. चित्राचंही तसंच आहे. त्यात मन गुंतलं की शरीर आपलं काम करतं.

काहींना डोळे मिटून चित्र दिसतच नाही. त्यात काही वावगं नाही. त्यांना मी स्पर्श आठवायला सांगते, तळव्यांखालची ओली वाळू.

आपल्या वयात मोठी अडचण म्हणजे पडण्याची भीती. भीतीपोटी चालणं कमी होतं, पाय दुबळे होतात आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून हा माड नुसता गंमत म्हणून नाही.

मात्र उभं राहताना खुर्चीची पाठ धरा आणि डोळे उघडे ठेवा. डोळे मिटायचे ते बसूनच. हाडं ठिसूळ असतील तर पुढे खोल वाकू नका. रक्तदाब असेल तर श्वास रोखू नका. सुरू करण्याआधी कुपात होलिमच्या डॉक्टरांना विचारा.

आज पाच मिनिटं खुर्चीत बसा आणि आपलं स्वतःचं चित्र शोधा. सापडलं की नातवंडांनाही सांगा, त्यांचं चित्र वेगळं असेल.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.