झिजल्या जागी नवा धातू

सातपुड्याच्या पायथ्याशी बोअर खोल जाते आणि पाण्याबरोबर बारीक वाळू वर येते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पंप बसतो तो पुष्कळदा या वाळूपायी. इम्पेलरच्या कडा खाल्ल्या जातात, स्लीव्ह ढिली पडते, शाफ्टवर बुशच्या जागी गोल चर उमटतो. ऐन मे महिन्यात केळीची पाण्याची पाळी चुकवून चालत नाही, म्हणून शाफ्ट त्याच दिवशी वर्कशॉपला येतो.

तिथला टर्नर काय करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. आधी तो मायक्रोमीटर लावून झीज मोजतो, चराची जागा लेथवर साफ करून घेतो आणि मग वेल्डिंगला बसतो. रॉड तो सलग गोल फिरवत नाही. एक पट्टा वरच्या बाजूला, शाफ्ट फिरवून दुसरा बरोबर समोरच्या बाजूला, तिसरा त्या दोघांच्या मध्ये. एकाच अंगाला उष्णता साचली की शाफ्ट वाकतो. ते टाळण्यासाठी ही सगळी कसरत. तरी थोडा वाक राहतोच. शाफ्ट थंड झाला की सेंटरमध्ये धरायचा, डायल लावायचा, काटा कुठे उडतो तिथे खडूची खूण करायची, प्रेसखाली सरळ करायचा. त्यानंतर चढवलेल्या दोन-तीन मिलिमीटर धातूपैकी बहुतेक सगळा चिप म्हणून उतरवायचा. मुळात हवा असतो अर्धा मिलिमीटर.

हा अर्धा मिलिमीटर शाफ्ट न वाकवता, हवा तिथेच चढवण्याचे तंत्र गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घडत आले आहे. धातूची भुकटी नळीतून सोडायची, लेझरच्या झोतात वितळवायची आणि थरावर थर चढवत जायचे. त्याने झीज भरता येते, तसा अख्खा भरीव भागही उभा करता येतो. या तंत्राची बातमी होते ती रॉकेटच्या इंजिनामुळे. मला मात्र झीज भरण्याची बाजू जास्त मोलाची वाटते, आणि मागे जाऊन पाहिले तर सुरुवातही तिथूनच झालेली दिसते.

1980 च्या दशकाच्या आरंभी रोल्स-रॉइसला विमानाच्या आरबी-211 इंजिनातल्या टर्बाइनच्या पात्यांचा प्रश्न होता. शेजारशेजारची पाती टोकाला एकमेकांवर घासत आणि तिथे झिजत. त्या जागी कठीण धातूचा थर हवा होता. पण ज्या निकेल मिश्रधातूची ती पाती असतात, त्याला वेल्डिंगची उष्णता सोसत नाही, तडे जातात. त्यांनी लेझरचा बारीक झोत आणि त्यात फुंकलेली भुकटी असा मार्ग काढला. लेझरने धातू चढवण्याचा कारखान्यातला हा पहिल्या उपयोगांपैकी एक.

त्याच सुमारास अमेरिकेत युनायटेड टेक्नॉलॉजीजच्या ब्राऊन, ब्रायनन आणि किअर या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. एक थर चढवता येतो, तर थांबायचे कशाला? फिरत्या गाभ्यावर धातू वितळवत पातळ थर देत राहिले, तर टर्बाइनची अख्खी चकती तयार होईल. 1982 च्या एप्रिलमध्ये त्यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले. कल्पना पक्की होती, पण ती पेलणारी यंत्रे अजून यायची होती. किलोवॅटचा कार्बन डायऑक्साइड लेझर म्हणजे तेव्हा खोलीभर पसारा, आणि संगणकावरच्या आराखड्याचे थर पाडून यंत्राला वाट सांगणारी प्रणाली अजून बाल्यावस्थेत.

ही सगळी सामग्री 1990 च्या दशकाच्या मध्यात जुळून आली. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने ‘लेन्स’ नावाची पद्धत विकसित केली आणि दशक संपण्याआधी ऑप्टोमेक कंपनीने तिची यंत्रे बाजारात आणली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतही असेच काम चालू होते. मिशिगन विद्यापीठात तेच काम भारतातून गेलेले ज्योतिर्मय मजुमदार करत होते. 

यंत्राच्या काचेतून पाहिले तर दिसते ते एवढेच: एक प्रखर ठिपका आणि त्याच्याभोवती ठिणग्या. ठिपक्याच्या जागी धातूचे जेमतेम मिलिमीटरभर रुंदीचे डबके वितळलेले असते. भोवतालच्या नळ्यांतून आर्गॉन वायूबरोबर भुकटी त्या डबक्यात येऊन पडते. तिचे कण साधारण 45 ते 150 मायक्रॉनचे, शक्यतो गोल, म्हणजे नळीत न अडकता वाहतात. लेझर पुढे सरकला की मागचे डबके क्षणार्धात गोठते. ही थंड होण्याची गती इतकी जबरदस्त, की धातूचे स्फटिक बारीक राहतात आणि भाग ओतीव भागापेक्षा पुष्कळदा जास्त मजबूत निघतो. टायटॅनियमसारख्या धातूसाठी सगळा खेळ बंद पेटीत, आर्गॉनमध्ये चालतो. तिथला ऑक्सिजन दशलक्षात 10 भागांच्या खाली ठेवतात, नाही तर धातू ठिसूळ होतो.

खरी अडचण उंचीची होती. एक थर केसभर जाड पडला की पुढच्या थराला नळीचे अंतर चुकते, चूक थरागणिक वाढते आणि भिंत लाटांसारखी उठते. मजुमदारांनी डबक्यावर प्रकाशीय संवेदक रोखले. ठरल्यापेक्षा धातू वर आला, की त्या ठिकाणी लेझरची मात्रा आपोआप तुटावी, अशी ती व्यवस्था. पट्टा समोरासमोर टाकून उष्णतेचा तोल राखणारा टर्नर डोळ्यांनी आणि हाताने जे करतो, ते इथे यंत्राला शिकवावे लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली मोलाची पायरी ही आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते.

याच काळात जर्मनीत दुसरी वाट फुटली. तिथे भुकटी फुंकत नाहीत. पातळ थरात पसरवतात आणि हवा तेवढाच भाग लेझरने वितळवतात. बारीक नक्षीचे, आतून पोकळ भाग या पद्धतीने फार सुंदर होतात. पण भुकटीची गादी सपाट लागते, म्हणून झिजलेला शाफ्ट तिथे घेऊन जाण्यात अर्थ नाही. पुढे नाव झाले ते बहुतेक या दुसऱ्या वाटेचे. जीई कंपनीने विमानाच्या लीप इंजिनासाठी घडवलेली इंधनाची नोझल हे तिचे गाजलेले उदाहरण. पूर्वी सुमारे 20 तुकडे जोडून होणारी नोझल एकसंध झाली, वजन चतुर्थांशाने घटले आणि 2016 पासून ती प्रवासी विमानांतून उडते आहे.

भारतात फुंकलेल्या भुकटीचे काम रुजले ते इंदूरला. रावेरकरांना इंदूर परके नाही. बऱ्हाणपूर ओलांडले, की खंडवा, सनावद, बडवाह करत गाडी तिथेच जाते. होळकरांच्या सुखनिवास महालाच्या आणि तलावाच्या परिसरात 1984 साली अणुऊर्जा विभागाच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. दिलीप देवीदास भवाळकर हे केंद्राचे संस्थापक संचालक. सागरला जन्मलेला हा मराठी शास्त्रज्ञ भाभा अणुसंशोधन केंद्रात लेझरचे काम करून इथे आला होता. बाहेरून लेझर विकत आणून प्रयोग करण्याऐवजी लेझरच इथे बनवायचा, ही केंद्राची रीत होती. 2005 मध्ये केंद्राला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचे नाव देण्यात आले.

तिथल्या ए. के. नाथ, सी. पी. पॉल आणि सहकाऱ्यांनी केंद्रातच घडवलेल्या साडेतीन किलोवॅटच्या लेझरवर भुकटीतून भाग उभे करायला घेतले. त्यातल्या एका कामाची हकीकत सांगण्यासारखी आहे. कल्पाक्कमची जलद प्रजनक अणुभट्टी वितळलेल्या सोडियमने थंड होते. इतक्या उष्ण सोडियममध्ये स्टीलवर स्टील घासले, की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरखडले जातात, म्हणून घासणाऱ्या जागांना कठीण थर लागतो. कारखान्यांत अशा वेळी स्टेलाइट वापरतात. पण स्टेलाइटमध्ये कोबाल्ट असतो. अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचा कोबाल्ट-60 होतो आणि पुढे दुरुस्तीला जाणाऱ्या माणसांना त्याचा किरणोत्सार सोसावा लागतो. त्याचे अर्धे आयुष्यच 5 वर्षांहून अधिक. म्हणून निकेलचा कोल्मोनॉय हा मिश्रधातू निवडला गेला. तो कमालीचा कठीण. वेल्डिंगने चढवताना खालचे स्टील त्यात मिसळले की कठीणपणा उतरतो, आणि तो सांभाळायचा म्हणून जाड थर दिला तर पुढे घासता घासता पुरेवाट होते. इंदूरच्या चमूने कोल्मोनॉयचे बुश थेट भुकटीतूनच वर्तुळावर वर्तुळ चढवत उभे केले. 2006 मध्ये ते काम शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

मुंबईत पवईच्या आयआयटीत के. पी. करुणाकरन यांनी वेगळाच रस्ता धरला. लेझर आणि भुकटी दोन्ही महाग, तर साधी वेल्डिंगची तार वापरून थर चढवा आणि त्याच सीएनसी यंत्रावर प्रत्येक थर घासून सपाट करत चला. बारकाई थोडी कमी, खर्च मात्र कितीतरी कमी. जिल्ह्याच्या गावांतल्या वर्कशॉपना ही विचारसरणी फार जवळची आहे, आणि ती म्हणावी तितकी पोहोचली नाही याची मला खंत आहे.

पुढे फायबर लेझर आले आणि खोलीभर पसाऱ्याचे कपाट झाले. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने या क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात 50 भारतीय तंत्रे, 100 नवउद्योग आणि 500 उत्पादने अशी उद्दिष्टे होती. मग 2024 चा मे महिना उजाडला. 9 मे रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे, भुकटीतून घडवलेले इंजिन सलग 665 सेकंद चालवून दाखवले. 14 भागांच्या जागी एकच भाग, 19 वेल्डिंगचे सांधे गेले, आणि जिथे 565 किलो घडीव धातू व पत्रा लागे तिथे 13.7 किलो भुकटी पुरली. 30 मे रोजी चेन्नईच्या अग्निकुलचे रॉकेट याच पद्धतीच्या एकसंध इंजिनावर श्रीहरिकोट्याहून उडाले. ही दोन्ही इंजिने पसरलेल्या भुकटीच्या वाटेवरची. अभिमान वाटावा असेच ते काम आहे.

पण खान्देशाने बघायचे ते फुंकलेल्या भुकटीकडे. आपल्याकडे नवे इंजिन घडत नाही, आपल्याकडे झिजते. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात आपल्या देशी कोळशाची भरमसाट राख पाण्यात कालवून पंपाने वाहून नेतात आणि ती त्या पंपांची आतडी खरवडते. भुसावळला रेल्वेची विद्युत इंजिने दुरुस्त होतात. भुसावळ आणि वरणगावला आयुधनिर्माणी आहेत. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकचे पाइप ओढणारी यंत्रे रात्रंदिवस चालतात, त्यांचे स्क्रू झिजतात. थोड्याथोड्या अंतरावर झिजणाऱ्या धातूची अशी रांग सगळ्याच जिल्ह्यांना लाभत नाही.

रावेरच्या केळी बागायतदाराच्या शाफ्टसाठी लेझर लावा, असे मी म्हणणार नाही. तो शाफ्ट नवा घेणे स्वस्त पडते, नाही तर वेल्डिंग मारून भागते. भुकटी महाग असते, त्यातली बरीच डबक्यात न पडता बाजूला उडते, आर्गॉनची टाकी सतत लागते. बारीक भुकटी फुप्फुसात जाऊ द्यायची नाही, टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमची तर पेट घेते. शिवाय लेझरने चढवलेला पृष्ठभाग खरखरीत असतो, आतला ताण काढायला उष्णतेची प्रक्रिया लागते आणि शेवटचे माप लेथवर किंवा ग्राइंडरवरच येते. सेंटर काढणारा, डायल वाचणारा, वाक शोधणारा माणूस या कामात पहिल्या दिवसापासून हवा, आणि तो रावेर, सावदा, फैजपूरच्या वर्कशॉपांत आहे.

लघुउद्योगांच्या समूहांसाठी सामायिक सुविधा केंद्रे उभारायला केंद्र सरकारची योजना आहे. जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, फैजपूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे. एक यंत्र पुण्याऐवजी भुसावळला बसवावे, त्याचे तास मोठ्या ग्राहकांना विकावेत आणि उरलेले तास लहान वर्कशॉपना द्यावेत. पहिले काम मी राखेच्या पंपाचे घेईन. त्याचा सुटा भाग महाग असतो, झीज कुठे होते ते आधीच माहीत असते, आणि दुरुस्त केलेला भाग नव्याच्या शेजारी बसवून दोन्ही किती तास टिकले हे दीपनगरच्याच नोंदवहीत लिहिता येते.