ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जुन्या फाइली आणि संशोधकाची डिस्क

क्षेत्राभ्यासासाठी गावोगाव हिंडणाऱ्या संशोधकाचे मुख्य साधन आता वही-पेन्सिल नसून सुवाह्य संगणक हे झाले आहे. ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे, टिपणे व त्यांचे विश्लेषण ही सारी बहुधा एकाच डिस्कवर साठविली जातात. आणि डिस्क भरल्याची सूचना पडद्यावर उमटली म्हणजे काय काढून टाकावे, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी प्रथम दृष्टीस पडतात ती मुद्रणे, कारण ती संशोधकाने स्वतः ठेवलेली असतात. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्या मात्र त्याच्या नकळत साचलेल्या असल्यामुळे नजरेआड राहतात. या फाइली कोठे व कशासाठी साठतात, आणि त्या कोणत्या रीतीने दूर कराव्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचन विंडोज प्रणालीपुरते मर्यादित आहे.

प्रश्नाचे परिमाण

जळगाव शहरानजीकचे असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. समजा, तेथे एखादा विद्यार्थी लेवा गणबोलीतील जात्यावरच्या ओव्या मुद्रित करीत आहे. सेकंदास ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि वाहिन्या दोन, असे असंक्षेपित मुद्रण केल्यास एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरचे एक पुडके आज साधारणतः ६०० ते ९०० मेगाबाइटांचे असते, आणि उलगडल्यानंतर ते एक गिगाबाइटहूनही अधिक जागा व्यापते. म्हणजे निरुपयोगी झालेल्या तीन आवृत्त्या डिस्कवर राहिल्या, तर साडेचार तासांहून अधिक मुद्रणाची जागा अडून राहते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे १० किलोबाइटांची होती. त्याला अक्षरे व आकडे दाखविणारा पडदाही जोडलेला होता. आजच्या एका ड्रायव्हरचे पुडके त्या स्मृतीच्या निदान साठ हजार पट भरते. या वाढीस कारणे आहेत. एकच पुडके अनेक पिढ्यांतील कार्डांसाठी तयार केलेले असते. ३२ व ६४ बिटांच्या कार्यक्रमांसाठी त्यात वेगवेगळे ग्रंथालय-संच असतात. शिवाय डायरेक्टएक्स, ओपनजीएल, व्हल्कन, कुडा, चलच्चित्रांचे संकेतन अशा प्रत्येक कार्यासाठी स्वतंत्र भाग जोडलेला असतो. एखाद्या संगणकास यांतील थोडाच अंश लागतो, परंतु साठवावे लागते ते सर्व.

साठ्याचे तीन प्रकार

ड्रायव्हरने व्यापलेल्या जागेचे तीन प्रकार करता येतात, आणि त्यांचे गुणधर्म भिन्न असल्यामुळे ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार स्थापनेच्या अवशेषांचा. स्थापना करणारा कार्यक्रम आपले पुडके आधी सी ड्राइव्हवरील ‘एनव्हिडिया’, ‘एएमडी’ किंवा ‘इंटेल’ अशा नावाच्या फोल्डरात उलगडतो, आणि काम झाल्यावर ते फोल्डर पुष्कळदा तसेच राहते. धान्य काढून घेतल्यावर उरलेल्या पोत्यासारखे हे असते. स्थापना यशस्वी झाली असेल, तर उलगडलेले हे पुडके काढून टाकण्यास हरकत नाही. प्रोग्रॅम फाइल्समधील ‘इन्स्टॉलर२’ हे एनव्हिडियाचे फोल्डर मात्र या वर्गात मोडत नाही. ड्रायव्हर दुरुस्त करताना किंवा काढून टाकताना त्यातील फाइलींची गरज पडते.

दुसरा प्रकार शेडर-संचयाचा. पडद्यावरील आकृती रंगविणारे छोटे कार्यक्रम प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागू नयेत, म्हणून त्यांची सिद्ध रूपे डिस्कवर राखून ठेवली जातात. ती पुसल्याने अपाय होत नाही, परंतु लाभही टिकत नाही. कार्यक्रम पुन्हा चालविताच संचय पुन्हा वाढू लागतो आणि आरंभी थोडा विलंब मात्र सोसावा लागतो.

तिसरा व सर्वांत मोठा प्रकार म्हणजे विंडोजचे ‘ड्रायव्हर स्टोअर’ हे भांडार. २००७ साली सर्वसामान्यांस उपलब्ध झालेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून ते प्रचारात आहे. सिस्टिम३२ च्या पोटात ‘फाइल रिपॉझिटरी’ नावाचे फोल्डर असते. त्यात प्रत्येक पुडक्यासाठी एक उपफोल्डर निर्माण होते, आणि नवी आवृत्ती आली तरी जुनीचे उपफोल्डर बहुधा तेथेच राहते.

जुन्या आवृत्त्या का राखल्या जातात

या संग्रहास केवळ निष्काळजीपणा म्हणणे योग्य होणार नाही. नवा ड्रायव्हर सदोष निघाल्यास पूर्वीच्याकडे परतण्याची सोय प्रणालीने ठेवलेली आहे, आणि ती जुनी प्रत शिल्लक असली तरच उपयोगी पडते. शिवाय एखादे उपकरण काढून पुन्हा जोडले, तर त्याचा ड्रायव्हर बाहेरून न आणता भांडारातूनच मिळतो. दोष आहे तो संग्रहाला मर्यादा नसण्याचा: एक मागील आवृत्ती विम्यासारखी उपयोगी असते, पाच मागील आवृत्त्या ही अडगळ होय.

हाताने पुसण्यातील धोका

मोठी फोल्डरे शोधून ती थेट पुसून टाकावी, असा मोह अनेकांस होतो. तो दोन कारणांनी टाळला पाहिजे. एक तर भांडारातील प्रत्येक पुडक्याची प्रणालीकडे नोंद असते. फोल्डर गेले तरी नोंद उरते, आणि पुढे त्या नोंदीच्या आधारे फाइल शोधू जाता ती सापडत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पूर्वी भांडारातील प्रत ही कणगीत राखलेल्या बियाण्यासारखी होती. प्रत्यक्ष वापरावयाच्या फाइली तेथून अन्यत्र नकलल्या जात. विंडोज १० च्या काळात रूढ झालेल्या ‘डीसीएच’ पद्धतीच्या ड्रायव्हरांत मात्र अनेक फाइली भांडारातूनच चालविल्या जातात. त्यामुळे अडगळ समजून जे फोल्डर पुसले जाते, तेच कदाचित त्या क्षणी पडदा उजळत असते. फोल्डरांची नावे लांबलचक व परस्परसदृश असल्याने केवळ नावावरून जुने-नवे ठरविणे धोक्याचे आहे.

योग्य रीत

जागा मोकळी करावयाची ती नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्याच हातून, हे या बाबतीतील मुख्य सूत्र होय. सर्वांत सोपा मार्ग ‘डिस्क क्लीनअप’ या साधनाचा. त्यात प्रणालीच्या फाइली स्वच्छ करण्याचा पर्याय निवडला, की ‘डिव्हाइस ड्रायव्हर पॅकेजेस’ अशी एक ओळ दिसते. तिच्याद्वारे जुन्या झालेल्या आवृत्त्या काढता येतात. त्याच यादीत डायरेक्टएक्सच्या शेडर-संचयाचीही स्वतंत्र ओळ असते.

याने भागले नाही, तर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या आज्ञापटलावर ‘पीएनपीयूटिल’ हा विंडोजबरोबरच येणारा कार्यक्रम वापरावा. त्याच्या ‘एनम-ड्रायव्हर्स’ या आज्ञेने बाहेरून आलेल्या सर्व पुडक्यांची यादी मिळते; तीत प्रत्येकाचे ‘ओईएम’ व क्रमांक असे नाव, मूळ नाव, निर्माता, वर्ग, दिनांक व आवृत्ती दिलेली असते. ‘डिस्प्ले’ वर्गातील एकाच मूळ नावाची पुडकी एकत्र मांडून त्यांचे दिनांक ताडून पाहिले, म्हणजे जुनी कोणती हे स्पष्ट होते. निवडलेले पुडके ‘डिलीट-ड्रायव्हर’ या आज्ञेने काढावे. ते एखाद्या उपकरणाच्या वापरात असेल, तर कार्यक्रम ते काढण्यास नकार देतो. हा नकार म्हणजेच वापरणाऱ्याचे संरक्षण. म्हणून ‘फोर्स’ हा सक्तीचा पर्याय जोडून तो मोडू नये.

आरंभी ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ या आज्ञेने सर्व पुडक्यांची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी. सुवाह्य संगणकांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक आहे, कारण त्यांचे ड्रायव्हर कधीकधी संगणकाच्या निर्मात्याने आपल्या यंत्रापुरते बदललेले असतात. कुडावर आधारलेली गणिते करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कुडाच्या प्रत्येक आवृत्तीस ड्रायव्हरची किमान अमुक आवृत्ती लागते. म्हणून गणित ज्या आवृत्तीवर केले, तिचा क्रमांक प्रबंधात नमूद करणे इष्ट आहे. तो नमूद असेल, तर फाइल जपून ठेवण्याची निकड बरीच कमी होते.

काय राखावे, काय टाकावे

डिस्कवरील वस्तूंचे मोल त्यांच्या आकारावरून ठरत नाही. ती वस्तू पुन्हा मिळविता येईल किंवा नाही, यावरून ठरते. ड्रायव्हर निर्मात्याकडून पुन्हा मिळू शकतो. वृद्ध गायिकेच्या मुखातून एकदाच निघालेली ओवी पुन्हा मिळेलच, असे सांगता येत नाही. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५१ साली त्यांचे निधन झाल्यानंतर, १९५२ मध्ये, ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले, त्यामागे त्या उतरवून घेण्याचाही वाटा आहे.

तात्पर्य, डिस्क भरली असता मुद्रणांची प्रत उतरविण्यापूर्वी किंवा ती पुसण्यापूर्वी, प्रथम ड्रायव्हरचे भांडार तपासावे. चालू आवृत्ती व तिच्या मागची एक एवढी राखून बाकीच्या प्रणालीमार्फत काढाव्या. आणि मोकळी झालेली जागा पुन्हा न मिळणाऱ्या सामग्रीसाठी वापरावी. अर्थात त्या सामग्रीची दुसरी प्रत अन्यत्र असणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण जागा कितीही मोकळी केली, तरी डिस्क स्वतः कधी ना कधी निकामी होतेच.