कर्जत लाइनीवरचा तिसरा डोळा

कर्जतहून मुरबाडचा रस्ता धरला की थोड्याच वेळात कडाव लागतं. बाजाराचं गाव, गणपतीचं गाव. तसंच पुढे कशेळ्यावरून आंबिवली गाठली की कोथळीगडाची वाट सुरू होते. आजूबाजूला भातखाचरं, पाठीशी सह्याद्री. हेडसेटची, म्हणजे आभासी जग डोळ्यांपुढे उभं करणाऱ्या यंत्राची गोष्ट सांगायला ही जागा कोणाला आडबाजूची वाटेल. पण खोटं जग खरं वाटावं इतक्या कसबानं उभं करायचा धंदा या पट्ट्याला नवा नाही.

2005 मध्ये कला दिग्दर्शक नितीन देसाई यांनी चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’मधला मुघल दरबार इथल्याच मातीवर प्लायवूड आणि प्लास्टरनं उभा राहिला. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. तिथल्या ‘आय फॉर इंडिया’ या राइडमध्ये माणसं खुर्चीत पट्टा बांधून बसतात, पाय अधांतरी लोंबकळतात आणि समोरच्या भल्यामोठ्या घुमटाकार पडद्यावर भारत खालून सरकत जातो. बसलेला माणूस जागचा फारसा हललेला नसतो, तरी पोटात गोळा येतो. डोळ्यांनी सांगितलं की शरीर ऐकतं, याचा तो रोकडा पुरावा.

हेडसेट हीच करामत अर्ध्या किलोच्या आसपासच्या वजनात बसवायला बघतो. आणि त्यासाठी झटणारी एक कंपनी कर्जतच्याच रेल्वेमार्गावर, ठाण्यात आहे.

तिचं नाव डायमेन्शन एनएक्सजी. 2014 मध्ये पंकज राऊत, अभिषेक तोमर आणि अभिजित पाटील यांनी ती सुरू केली. लोक तिला ओळखतात ते ‘आज्ञालेन्स’ या नावानं. भुवयांच्या मधोमध असलेलं आज्ञाचक्र, म्हणजेच तिसरा डोळा, त्यावरून हे नाव आलं. सुरुवातीचा मोठा भर संरक्षण क्षेत्रावर होता: सैनिकाला समोरचं दृश्य आणि त्यावर उमटलेली माहिती एकाच नजरेत दिसावी, अशी साधनं. 2023 मध्ये ‘आज्ञाएक्सआर’ हा हेडसेट लोकांसमोर आला आणि त्याच वर्षी चष्म्यांच्या व्यवसायातल्या लेन्सकार्टनं कंपनीत पैसे गुंतवले. मेटा, ॲपल, सोनी, एचटीसी अशा बड्यांच्या रांगेत ठाण्याचा हा नवा भिडू कशाच्या बळावर उभा आहे, हे समजायचं तर आधी यंत्र आत कसं चालतं ते बघायला हवं.

हेडसेटमध्ये दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं असतात, किंचित वेगळ्या कोनातून काढलेली. मेंदू ती जुळवतो आणि खोली निर्माण होते. पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असतो, तिथे नजर ठरत नाही. म्हणून मध्ये भिंग लागतं. पूर्वी त्यासाठी जाड भिंगं वापरत, त्यामुळे पेटी नाकापुढे लांब यायची. आता पातळ ‘पॅनकेक’ भिंगं आली. त्यांच्यात प्रकाश आतल्या आत मागे-पुढे परावर्तित होतो, जणू लांब वाट घडी घालून छोट्या जागेत ठेवलेली. बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीच्या भिंती, टेबलाच्या कडा टिपत राहतात आणि आतले जायरोस्कोप-ॲक्सेलेरोमीटर मान किती वळली ते मोजतात.

खरी कसोटी वेळेची. मान वळली आणि चित्र वळायला उशीर झाला, तर कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय एक सांगतं आणि डोळे दुसरंच. मग मळमळ सुरू होते, घाटात गाडी लागते तशी. म्हणून हालचालीपासून चित्रापर्यंतचा वेळ 20 मिलिसेकंदांच्या आत ठेवायची धडपड असते. सेकंदाला 90 चित्रं दाखवायची, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 11 मिलिसेकंद येतात. माणसाचं बुबुळ ते बुबुळ अंतरही सारखं नसतं. सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास, पण प्रत्येकाचं वेगळं. भिंगं त्याप्रमाणे सरकली नाहीत, तर दहा मिनिटांत कपाळ दुखू लागतं.

ही कसोटी घेऊन नवे भिडू पन्नासहून अधिक वर्षं येत आहेत. 1968 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी बनवलेलं उपकरण इतकं जड होतं की ते छताला टांगावं लागे. त्याला ‘डॅमोक्लिसची तलवार’ असंच नाव पडलं. 1995 मध्ये निन्टेन्डोचा ‘व्हर्च्युअल बॉय’ लाल-काळ्या चित्रांसह आला आणि लवकरच गुंडाळला गेला. 2012 च्या ऑगस्टमध्ये 19 वर्षांच्या पामर लकीनं ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलर मागितले, जमले सुमारे 24 लाख. मोबाइल फोनमुळे छोटे पडदे आणि सेन्सर स्वस्त झाले होते, आणि लकीनं ते नेमके उचलले. दोन वर्षांत फेसबुकनं, म्हणजे आजच्या मेटानं, लकीची ऑक्युलस कंपनी 2 अब्ज डॉलरला घेण्याचा सौदा केला. झोपलेला धंदा एका नवख्यानं उठवला.

त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या आगमनानं एकेक गाठ सोडवली. 2016 मध्ये एचटीसी व्हाइव्हनं खोलीभर चालायची मुभा दिली. 2019 मध्ये ऑक्युलसच्या ‘क्वेस्ट’नं संगणकाची वायर काढून टाकली, तेही 399 डॉलरमध्ये. 2 फेब्रुवारी 2024 रोजी ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ अमेरिकेत दुकानात आला: दोन पडद्यांवर मिळून 2.3 कोटी पिक्सेल, बोटांच्या चिमटीनं आणि नजरेनं चालणारा. किंमत 3,499 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानं सुमारे 2 लाख 90 हजार रुपये. वजन 600 ग्रॅमच्या वर आणि बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची. त्या वर्षी जून-जुलैत तो चीन, जपान, सिंगापूर, ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांत गेला. त्या यादीत भारत नव्हता.

इतकं होऊनही एक गाठ तशीच राहिली: हे डोक्यावर चढवून रोज करायचं काय? मेटाच्या हेडसेट बनवणाऱ्या विभागाला 2024 या एका वर्षात 17.7 अब्ज डॉलरचा तोटा झाला. मायक्रोसॉफ्टनं कारखान्यांसाठी काढलेला ‘होलोलेन्स 2’ त्याच वर्षी बनवणं बंद केलं. गूगलनं शाळांसाठीचं ‘एक्स्पिडिशन्स’ 2021 मध्ये आवरतं घेतलं होतं. तंत्र सुधारत गेलं, पण घराघरात त्याची गरज निर्माण झाली नाही.

आपल्याकडचे प्रयत्नही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. क्षितिज मारवाह यांची टेसेरॅक्ट ही कंपनी जिओनं 2019 मध्ये आपल्याकडे घेतली. 2020 च्या रिलायन्सच्या वार्षिक सभेत 75 ग्रॅमचा ‘जिओ ग्लास’ दाखवला गेला, आणि 2023 च्या आयपीएलच्या हंगामात 1,299 रुपयांचा ‘जिओडाइव्ह’ आला. त्यात आपलाच फोन सरकवायचा आणि सामना बघायचा. ‘जिओडाइव्ह’चा बेत करमणुकीचाच होता.

ठाण्याच्या हेडसेटचं वेगळेपण इथे दिसतं. त्यानं बैठकीच्या खोलीऐवजी कामाची शाळा निवडली. कंपनीच्या धड्यांत वेल्डिंग आहे, स्प्रे पेंटिंग आहे. तिचं लक्ष आयटीआय आणि कारखान्यांतल्या प्रशिक्षणावर आहे. चेन्नईची स्किलवेरी ही कंपनी 2012 पासून वेल्डिंगचे सिम्युलेटर बनवते आहे. म्हणजे ही वाट अगदीच अनवट नाही. पण हेडसेटच आपल्याकडे घडवून ती चालणं ही मोठी उडी आहे.

वेल्डिंग शिकणाऱ्या पोराचा पहिला महिना कसा जातो, ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये उभं राहून पाहावं. होल्डरमध्ये रॉड लावायचा, काच तोंडावर घ्यायची आणि पत्र्याला हलकेच टेकवून उचलायचा. नवख्याच्या हाती रॉड हमखास चिकटतो. अंतर जास्त ठेवलं तर ठिणग्या उडतात आणि धातू पसरतो. कमी ठेवलं तर पुन्हा चिकटतो. हात भरभर गेला तर टाका बारीक आणि कच्चा, रेंगाळला तर पत्र्याला भोक. यात रॉड जातात, पत्रे जातात, वीज जाते, डोळे चुरचुरतात. काचेआड काय चाललंय ते मास्तरांना नीट दिसत नाही, कारण एका वेळी एकाच्याच खांद्यावरून वाकता येतं. वर्गात वीस जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं येणार?

आभासी वर्गात हातात होल्डरसारखीच मूठ असते, पण आग नसते. यंत्र तीन गोष्टी सतत मोजतं: टोकाचं पत्र्यापासूनचं अंतर, धरण्याचा कोन आणि हाताचा वेग. चुकलं की तिथल्या तिथे दिसतं. पन्नास वेळा चुकलं तरी रॉडचा खर्च नाही. रंगकामाचंही तसंच. स्प्रे गन पृष्ठभागापासून वीतभर अंतरावर, सरळ रेषेत चालवायची असते आणि प्रत्येक पट्ट्यानं आधीचा पट्टा साधारण अर्धा झाकायचा असतो. मनगट वळलं की रंग कडेला विरळ बसतो, हात थबकला की ओघळ येतो. खऱ्या बूथमध्ये हे शिकताना रंग आणि थिनर हवेत उडतो आणि छातीत जातो. हेडसेटमध्ये ओघळ दिसतो, वास येत नाही.

अर्थात आभासी वर्गातून बाहेर पडलेला मुलगा वेल्डर झालेला नसतो. ज्वाळेची धग, वितळत्या धातूचा आवाज, मास्कमागचा घाम आणि पावसाळ्यातला ओलसर रॉड ही विद्या भट्टीपाशीच मिळते. हात बसवायचा पहिला टप्पा स्वस्त, सुरक्षित आणि प्रत्येकाच्या वाट्याला येईल असा करणं, एवढं काम यंत्राकडून नेटकं होऊ शकतं. आणि एवढंही थोडं नाही.

उद्योगावर याचा परिणाम कसा होईल? पहिला परिणाम गिऱ्हाइकाचा. आजवर हेडसेट विकणारे बहुतेक जण एकेका घराच्या दारात उभे होते. प्रशिक्षण संस्था एकदम वीस-पंचवीस नग घेते, त्यांचा रोज वापर करते आणि नादुरुस्त झाला तर दुरुस्ती मागते. ‘होलोलेन्स’ गेल्यावर कामाच्या जागी जी पोकळी राहिली, ती भरायला अशा गिऱ्हाइकाजवळचा भिडू हवा. दुसरा परिणाम भाषेचा. धडा मराठीत बोलला, ‘टाका’, ‘कोन’, ‘हात सावकाश’ असं कानात सांगितलं, तर कडावच्या मुलाला इंग्रजी पुस्तकाची भिंत ओलांडावी लागत नाही. परदेशी कंपनीला हे जमणार नाही असं नाही, पण तिच्या यादीत ते वर कधी येणार? तिसरा परिणाम चष्म्याचा. डोळ्यांचे नंबर आणि चेहऱ्यांची मापं ज्यांच्या रोजच्या कामात आहेत, अशा कंपनीचा पैसा हेडसेटमध्ये येणं अर्थपूर्ण आहे. नाकावर नीट बसणं हा या धंद्यातला अर्धा प्रश्न आहे.

अडचणी कमी नाहीत. ठाण्याच्या हेडसेटमधली चिप अमेरिकी क्वालकॉमची आहे. सूक्ष्म पडदे आणि भिंगं यांसाठी सगळं जग पूर्व आशियाकडे बघतं. एकच हेडसेट दिवसभरात वीस कपाळांवर चढला तर घामट फोमचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या हवेत थेट आरोग्याचा आहे. कर्जतच्या पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरणार. दुपारी वीज गेली की चार्जिंगचा खोळंबा. धडे लिहिणारा वेल्डर आणि धडे घडवणारा प्रोग्रामर एका टेबलाशी बसवावे लागतात, आणि ते सर्वांत कष्टाचं, वेळ खाणारं काम आहे.

तरी या भूमीचा एक जुना अनुभव हिमतीला पुरेसा आहे. 1915 मध्ये टाटांनी खोपोलीला घाटावरचं पाणी खाली सोडून वीज निर्माण केली आणि 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीला दुसरं केंद्र सुरू झालं. जनित्रं, पाइप, झडपा यांतलं बरंच काही बाहेरून आलं. ती बसवायला आणि चालती ठेवायला इथले हात लागले. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या.

आजही पहाटेच्या कर्जत लोकलमध्ये डब्याच्या पिशव्या आणि सेफ्टी शूज घेतलेली पोरं चढतात. नेरळ, बदलापूर मागे टाकत कोणी अंबरनाथच्या एमआयडीसीत उतरतं, कोणी पुढे ठाण्याला. त्यातला एखादा कामावर नवा असतो, पहिल्या महिन्यातला, अंगठ्याला भाजल्याची खूण असलेला. ठाण्यात तयार होणारा हेडसेट त्याच्या धाकट्या भावाच्या वर्गात पोचला, तर त्या वर्गात दर रॉडमागे दहा मुलांनी रांग लावायची गरज उरणार नाही. कर्जत ते ठाणे हे अंतर लोकलनं सव्वा तासाच्या आसपासचं आहे. उलट्या दिशेनं हेडसेटला ते कापायला किती वर्षं लागतात, यावर या भिडूचं खरं मोल ठरेल.