पथ्य, उपवास आणि नित्याचा आहार : वजन उतरविण्याच्या प्रश्नाचा एक विचार

वजन उतरविण्याचा विषय निघाला, की मराठी भाषकाच्या तोंडी आज प्रामुख्याने तीन शब्द येतात : उपवास, पथ्य आणि डाएट. तिन्ही शब्दांची कुळे निराळी. परंतु त्यांच्या जोडीस येणारी क्रियापदे पाहिली असता एक साम्य नजरेस येते. उपवास धरतात आणि सोडतात. पथ्य पाळतात आणि मोडतात. डाएट सुरू करतात आणि ते बंद पडते. रोजच्या जेवणाविषयी मात्र ‘ते मोडले’ असे कोणी म्हणत नाही. ज्याला आरंभ व अंत आहे आणि जे एका घासानेही भंग पावू शकते, अशा गोष्टींच्या वर्गात भाषेने वजन उतरविण्याचा आहार नेऊन बसविला आहे. हा केवळ शब्दांचा प्रश्न असता, तर तो कोशकारांवर सोपविता आला असता. परंतु शरीराचा हिशेब या वर्गीकरणाशी जुळत नाही, आणि पुष्कळांचे प्रामाणिक प्रयत्न वाया जाण्याचे एक कारण या विसंगतीत आहे.

(१) शब्दांचे मूळ अर्थ

यांतील दोन शब्दांचा मूळ अर्थ आजच्या रूढ अर्थाहून बराच व्यापक होता. ‘डाएट’ हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला असला, तरी त्याचे मूळ ग्रीक ‘दिआइता’ या शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ जीवनक्रम, राहणीची रीत असा होतो. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील या विषयावरील ग्रंथात अन्न आणि व्यायाम या दोहोंचा विचार एकत्रच केलेला आढळतो. ‘पथ्य’ शब्दाची कथाही अशीच आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार (अष्टाध्यायी ४.४.९२) जे पथापासून ढळलेले नाही ते पथ्य. म्हणजे पथ्य ही मुळात चालावयाची वाट होती. आजारात वर्ज्य पदार्थांची यादी हा अर्थसंकोच नंतरचा. बरे वाटू लागताच पथ्य संपते, ही आजची समजूत या संकोचामुळेच दृढ झाली.

विशिष्ट आहारयोजनेला स्वतंत्र क्रिया मानण्याची वृत्ती पाश्चात्त्य भाषांतही आहे. लंडन येथील विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ मध्ये आपला स्थूलपणा कसा कमी झाला, हे सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ती इतकी गाजली, की त्याच्या आडनावापासून इंग्रजीत एक क्रियापद तयार झाले. इंग्रजीत ते पुढे मागे पडले; स्वीडिश भाषेत मात्र ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरविण्याकरिता आहार कमी करणे या अर्थाने आजही रूढ आहे.

(२) शरीराचा हिशेब

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. तेव्हा रोज अमुक उष्मांक कमी केले की वर्षाला अमुक किलो वजन घटेल, असे सरळ त्रैराशिक पुष्कळ दिवस मांडले जात असे. त्यात एक त्रुटी आहे. वजन घटू लागले, की देहाचा दैनंदिन खर्चही घटतो. म्हणून घटीचा वेग हळूहळू मंदावतो. केविन हॉल व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये या क्रियेचे गणित मांडले. त्यानुसार सरासरी प्रौढ व्यक्तीने आपल्या रोजच्या आहारात सुमारे २४ उष्मांकांची कायम घट केली, तर अंती साधारण एक किलो वजन उतरते. त्यातील निम्मी घट पहिल्या वर्षात होते, आणि जवळजवळ संपूर्ण, म्हणजे ९५ टक्के घट, होण्यास तीन वर्षे लागतात.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घालून चहा घेणाऱ्या माणसाच्या पोटात चहावाटे सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक जातात. ही साखर वगळली आणि तिची भरपाई अन्य पदार्थाने केली नाही, तर अंती सहा ते सात किलो वजन उतरावे. पण पहिल्या वर्षात तीन-साडेतीन किलोच. उलट पक्षी, तीन महिन्यांनी साखर पूर्ववत सुरू केल्यास उतरलेले वजनही यथावकाश पूर्ववत होईल. तेव्हा आहारातील बदल टिकाऊ असावा, हा नुसता नीतीचा उपदेश नव्हे. ती या गणिताची अटच आहे. जे तीन वर्षे करता येणार नाही, त्याचे फळही तीन वर्षे राहणार नाही.

कोणती आहारयोजना श्रेष्ठ, या वादासही यामुळे निराळे वळण मिळते. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६० व्यक्तींना चार प्रसिद्ध आहारयोजनांत वाटून वर्षभर पाहिले गेले. वजनातील घट योजनेच्या प्रकारापेक्षा ती किती पाळली गेली, यावर अवलंबून असल्याचे दिसले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ व्यक्ती होत्या. वर्षअखेर कमी स्निग्धांशाच्या आहाराने सरासरी ५.३ किलो व कमी कर्बोदकांच्या आहाराने ६.० किलो वजन घटले. हा फरक संख्याशास्त्रदृष्ट्या नगण्य ठरला. मात्र प्रत्येक गटाच्या आत माणसामाणसांतील अंतर फार मोठे होते.

(३) ‘मोडण्या’ची कल्पना

कडक निर्बंधाचे दुष्परिणाम मिनेसोटा विद्यापीठातील १९४४-४५ च्या प्रयोगात स्पष्ट दिसून आले. ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे नेहमीच्या सुमारे निम्म्या आहारावर ठेवले असता त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्यांचे मन अन्नाच्या विचाराने व्यापून गेले, आणि निर्बंध उठल्यावर पोट भरूनही कित्येकांची भूक शमेना. पुन्हा वजन वाढणे हा दुर्बळ मनाचा दोष आहे, असे म्हणणारांनी या प्रयोगाकडे अवश्य पाहावे.

हर्मन व मॅक यांचा १९७५ चा प्रयोग याहून लहान, पण तितकाच उद्बोधक आहे. खाण्यावर सदैव बंधन घालून घेणाऱ्या व्यक्तींना प्रथम दुधाचे गोड पेय दिले असता, त्यांनी नंतर आइसक्रीम कमी खाण्याऐवजी अधिक खाल्ले. ‘आता मोडलेच आहे, तर खाऊन घेऊ,’ हा तो न्याय. मराठी घरांत तो नवा नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीत लोकांनी तो केव्हाच नोंदवून ठेवला आहे. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ केवळ पिष्टमय. त्यात दाण्याचे कूट व तूप पडले, की नित्याच्या जेवणाहून अधिक उष्मांक पोटात जाणे अवघड नाही. नियम अभंग राहतो, हेतू मात्र फसतो.

(४) टिकणारी रीत

मग वाट कशी शोधावी? या बाबतीत चरकसंहितेतील दोन विचार आजही मननीय आहेत. पहिला सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील : सवयीचे झालेले अहितकर एकदम न टाकता अंशाअंशाने टाकावे, आणि हितकर तसेच क्रमाक्रमाने अंगी बाणवावे. वरील चहाच्या उदाहरणात दोन चमच्यांचे दीड, दीडाचा एक, असे काही आठवड्यांच्या अंतराने करणे, हा त्याचा सोपा विनियोग होय. दुसरा विचार एकविसाव्या अध्यायातील : स्थूल माणसास जड, पण पोषण बेताचे करणारे अन्न द्यावे. आजच्या परिभाषेत, पोट भरेल परंतु उष्मांक कमी जातील, असे अन्न. त्याकरिता परदेशी पदार्थांची आवश्यकता नाही. पालेभाजी, कोशिंबीर, कमी तेलातील उसळ, ताक हे पदार्थ मराठी ताटात पूर्वीपासून आहेत. प्रश्न त्यांच्या वाट्याचा आहे. भाजी-कोशिंबिरीने निम्मे ताट व्यापले, की भाकरी किंवा भात न वगळताही त्यांचे प्रमाण आपोआप घटते.

कोणताही बदल करण्यापूर्वी एक कसोटी लावावी : सणावारी, प्रवासात, पाहुणे आले असताना आणि घरातील सर्वांसमवेत हे पाळता येईल काय? ज्या बदलासाठी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस रोज दुसरी चूल मांडावी लागते, तो फार दिवस टिकत नाही. श्रावणातील पुरणपोळीने काही बिघडत नाही. तिच्या दुसऱ्या दिवशी नेहमीचेच जेवण होते की नाही, हे महत्त्वाचे. मात्र मधुमेहावर औषध वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, आहारातील बदल वैद्यकीय सल्ल्यानेच करावेत.

सारांश, वजन उतरविणारा आहार हा व्रताच्या वर्गातून काढून जेवणाच्या वर्गात आणला पाहिजे. व्रताला पारणे असते, जेवणाला नसते. पथ्य शब्दाच्या मूळ अर्थाचे येथे पुन्हा स्मरण करणे उचित ठरेल. वाटेवरून चालणारा माणूस एखादे वेळी ठेचाळतो. त्यामुळे वाट मोडत नाही, आणि तो पुढचे पाऊल त्याच वाटेवर टाकू शकतो.